अंदाजाने होणारी घरची पाककृती मित्रमैत्रिणींसाठी कशी लिहावी

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातील बहुतेक मराठी घरांत स्वयंपाक हातातून हातात आलेला असतो आणि तो लिहून ठेवण्याची वेळ शक्यतो येत नाही. ती येते तेव्हा समोर पुण्याला, गोव्याला किंवा बंगळूरला गेलेली मैत्रीण असते. फोनवर ती कारळ्याच्या चटणीची कृती विचारते आणि तिला ‘थोडे’, ‘चवीपुरते’, ‘रंग येईपर्यंत’ अशा शब्दांत उत्तर मिळते. हे उत्तर चुकीचे नसते. ते ज्या स्वयंपाकघरातून दिलेले असते तिथली वाटी, तिथली मिरची, तिथली कढई आणि तिथली हवा त्यात गृहीत धरलेली असते, एवढेच. ही गृहीतके शोधून कागदावर आणणे हे पाककृती लिहिण्याचे खरे काम आहे, आणि ते कोणत्या क्रमाने करावे हे पुढे दिले आहे.

कोणत्या पदार्थापासून सुरुवात करावी

घरात आठवड्यातून एकदा तरी होणारा आणि ज्यात पाच-सात जिन्नसांपेक्षा अधिक काही नाही असा पदार्थ आधी घ्यावा. शेंगदाण्याची, जवसाची किंवा कारळ्याची कोरडी चटणी, भरली वांगी, आंबोळी, साधी आमटी हे पदार्थ यासाठी योग्य आहेत. मांड्यांपासून मात्र सुरुवात करू नये. साखर, तूप आणि खसखशीचे सारण भरलेली पोळी हातांवर पसरत नेऊन उपड्या भांड्यावर भाजण्याचे कसब शब्दांतून जवळजवळ पोहोचत नाही, आणि ज्याला ते शिकायचे आहे त्याला घरी बोलावणे हाच सोपा उपाय आहे. ज्वारीची भाकरी या दोन टोकांच्या मध्ये येते. थापण्याचे कौशल्य लिहिता येत नाही, पण पीठ ताजे असावे, विरी गेलेल्या पिठाची भाकरी कडेला चिरते, आणि पीठ गरम पाण्यात मळल्याने त्याला चिकटपणा येतो, या तीन गोष्टी लिहिल्या तरी नवशिक्याचा अर्धा त्रास वाचतो.

अंदाज मोजण्याची रीत

या कामात सर्वाधिक वेळ इथे द्यावा, कारण पुढची सर्व अचूकता यावर अवलंबून आहे. एक ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा स्वयंपाकघरातील लहान वजनकाटा हवा. तो नसेल तर एका मैत्रिणीचा आठवडाभर मागून आणावा.

घरातील ज्येष्ठ बाईला ‘मीठ चमच्याने मोजून घाला’ असे कधीही सांगू नये. हाताने घालण्याची सवय असलेली व्यक्ती चमचा घेतला की बिचकते, नेहमीपेक्षा कमी किंवा जास्त घालते, आणि मिळालेले माप निरुपयोगी ठरते. त्याऐवजी स्वयंपाक सुरू होण्यापूर्वी मिठाचा, तिखटाचा आणि गुळाचा डबा आणि तेलाची किटली यांचे वजन करून लिहून ठेवावे, त्यांना त्यांच्या हाताने हवे तसे घालू द्यावे, आणि स्वयंपाक उरकल्यावर तेच डबे पुन्हा तोलावेत. दोन वजनांतील फरक म्हणजे प्रत्यक्ष वापरलेले प्रमाण. निवडलेली भाजी, भिजवलेली डाळ, खोवलेले खोबरे असे जिन्नस कढईत जाण्यापूर्वी तोलता येतात. शेवटी तयार पदार्थही भांड्यासह तोलावा आणि रिकाम्या भांड्याचे वजन त्यातून वजा करावे. आमटी किती आटली, चटणी किती भरली, हे त्यावरून कळते आणि वाचणाऱ्याला ‘चार जणांना पुरेल’ या मोघम शब्दांवर विसंबावे लागत नाही.

हा प्रयोग एकाच पदार्थासाठी दोन-तीन वेळा केला की प्रत्येक वेळी आकडे थोडे वेगळे येतील. त्यांची सरासरी काढून एकच आकडा देण्यापेक्षा ‘मीठ ६ ते ८ ग्रॅम’ असा पल्ला देणे अधिक प्रामाणिक आहे. त्या पल्ल्यात पदार्थ घरच्या चवीचा होतो, हे त्यातून आपोआप कळते.

मोजमाप चालू असताना वजनाइतकेच महत्त्वाचे काम प्रश्न विचारण्याचे आहे, पण प्रश्न नेमका असावा. ‘किती वेळ परतायचे?’ असे विचारले तर ‘परतून होईपर्यंत’ हेच उत्तर मिळेल. ‘आजी, आत्ता काय बघून डाळ टाकलीत?’ असे विचारले तर ‘कांद्याच्या कडा लाल झाल्या की’ किंवा ‘तेल बाजूला आलं की’ असे उपयोगी उत्तर मिळते. ते त्यांच्याच शब्दांत टिपावे. फोनवर चित्रण करायचे असेल तर चेहऱ्यापेक्षा कढईचा तळ दिसेल असा फोन ठेवावा आणि मागचा रेडिओ बंद करावा, कारण फोडणीच्या आवाजातूनही आच कळते.

वाटी, चमचा आणि जुनी मापे

वजन झाल्यावर घरगुती माप सोबत द्यावे, कारण प्रत्येकाकडे काटा नसतो. मात्र ‘एक वाटी’ म्हणजे किती, हे एकदा ठरवून कृतीच्या माथ्यावर लिहावे. आपली नेहमीची वाटी काट्यावर ठेवून काठोकाठ पाणी भरावे. पाणी जितके ग्रॅम भरेल तितक्या मिलिलिटरची ती वाटी आहे. घरगुती वाट्या १०० मिलिलिटरपासून २०० मिलिलिटरपर्यंत काहीही असू शकतात, त्यामुळे हा आकडा न लिहिलेली कृती दुसऱ्या घरी जाताच बदलते. बाजारात मिळणाऱ्या मापाच्या संचातील कप बहुधा २४० मिलिलिटरचा, मोठा चमचा १५ मिलिलिटरचा आणि लहान चमचा ५ मिलिलिटरचा असतो. त्या कपात कणीक साधारण १२० ग्रॅम, तर साखर सुमारे २०० ग्रॅम बसते, म्हणून एका जिन्नसाचे वाटीचे माप दुसऱ्याला लावू नये. बारीक मिठाचा सपाट लहान चमचा ५ ते ६ ग्रॅमचा असतो. खडे मीठ त्याच चमच्यात कमी बसते, तेव्हा कोणते मीठ, हेही लिहावे.

आजीच्या वहीत किंवा बोलण्यात शेर-पायलीची मापे आली तर त्यांचे नाते लक्षात ठेवावे: दोन चिपट्यांचे एक मापटे, दोन मापट्यांचा एक शेर आणि चार शेरांची एक पायली. देशात मेट्रिक मापे १९५८ पासून टप्प्याटप्प्याने लागू झाली, पण उन्हाळी कामाच्या, म्हणजे सांडगे, पापड आणि वर्षाच्या मसाल्याच्या कृती अनेक घरांत अजूनही जुन्या मापांतच सांगितल्या जातात. ही मापे आकारमानाची आहेत आणि गावोगावी थोडी कमीजास्त असत. घरात जुने मापटे शिल्लक असेल तर त्यात तोच जिन्नस भरून तोलणे, हा त्यावरचा खात्रीचा मार्ग आहे.

जिन्नस ओळखता येतील असे लिहावेत

‘लाल मिरची १०’ या तीन शब्दांनी जितक्या कृती बिघडवल्या असतील तितक्या दुसऱ्या कशाने नसतील. ब्याडगी सुरकुतलेली, गडद रंगाची आणि कमी तिखट असते. संकेश्वरी लांब आणि तिच्याहून तिखट असते, आणि लवंगी आकाराने लहान पण झणझणीत असते. ब्याडगीच्या जागी तितकीच लवंगी पडली तर पदार्थ खाण्यासारखा राहत नाही. म्हणून मिरचीचा प्रकार, वजन आणि पर्याय अशा तिन्ही गोष्टी द्याव्यात. ब्याडगी न मिळणाऱ्या ठिकाणी रंगासाठी काश्मिरी मिरची चालते, असे एक वाक्य पुरेसे होते. तसेच आपल्याकडे कांदा-लसूण घातलेल्या रोजच्या मसाल्याला नुसते ‘चटणी’ म्हणतात, तेव्हा आमटीच्या कृतीत ‘दोन चमचे चटणी’ असे न लिहिता ‘कांदा-लसूण मसाला’ असे स्पष्ट लिहावे.

सीमाभागात मित्रमंडळ एकभाषिक नसते, आणि ही अडचण समजण्यापेक्षा सोय समजावी. कन्नड बोलणाऱ्या मैत्रिणीसाठी जिन्नसांच्या यादीत दुसरे नाव जोडले की काम भागते: जवस म्हणजे अगसी, कारळे म्हणजे गुरेळ्ळू, अंबाडी म्हणजे पुंडीपल्ले, मूग म्हणजे हेसरुकाळू. शेंगदाण्याला तर दोन्ही भाषांत शेंगा म्हटले तरी चालते. ज्यांच्या घरी मराठी बोलली जाते पण शिक्षण कन्नड किंवा इंग्रजी माध्यमात झाले आहे, असे मित्रही इथे पुष्कळ आहेत. त्यांना देवनागरीतील लांब मजकूर वाचणे जड जाते. त्यांच्यासाठी जिन्नस आणि मापे लिहून द्यावीत आणि कृती आवाज नोंदवून पाठवावी.

कोणाला काय चालत नाही, हे कृती पाठवण्यापूर्वीच विचारावे. आपल्या स्वयंपाकात शेंगदाण्याचा कूट इतक्या सहज पडतो की तो लिहायचाच राहतो, आणि शेंगदाण्याची ॲलर्जी जिवावर बेतू शकते. डबाबंद हिंगात बहुधा गव्हाचे पीठ किंवा मैदा मिसळलेला असतो, तेव्हा गहू वर्ज्य असलेल्यांना ते सांगणे आवश्यक आहे. कांदा-लसूण न खाणाऱ्या मित्रांसाठी ‘लसूण वगळल्यास काय बदलते’ हे लिहावे. काही पदार्थांत काहीच बिघडत नाही, काहींत पदार्थच उरत नाही, आणि दुसऱ्या प्रकारात तसे सरळ सांगून टाकावे.

हवा आणि उंची

बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर आहे. उंची वाढली की पाणी कमी तापमानाला उकळते, दर ३०० मीटरला साधारण एक अंश, त्यामुळे इथे उघड्या पातेल्यातील पाणी साडेसत्त्याण्णव अंशांच्या आसपास उकळते. पणजीच्या किंवा मुंबईच्या मैत्रिणीच्या घरी उघड्यावर शिजणारी डाळ किंचित लवकर शिजेल. कुकरमध्ये हा फरक जवळपास जाणवत नाही. आंबवण्याच्या पदार्थांत मात्र हवेचा फरक फार मोठा असतो. थंडीत इथे आंबोळीचे पीठ रात्रभर ठेवूनही जेमतेम फुगते आणि किनारपट्टीच्या दमट उष्णतेत तेच पीठ काही तासांत आंबट होऊ शकते. म्हणून ‘रात्रभर ठेवावे’ असे लिहिण्यापेक्षा ‘पीठ दीडपट फुगून वर बारीक बुडबुडे दिसेपर्यंत, थंडीत दहा-बारा तास, उन्हाळ्यात सहा-आठ’ असे लिहावे. भातासाठी तांदूळ नवा की जुना, हे लिहावे, कारण नव्या तांदळाला पाणी कमी लागते.

खुणा: झाले हे कसे ओळखावे

मिनिटे द्यावीत, पण मिनिटांवर सोडू नये. प्रत्येक पायरीला डोळ्याला, कानाला किंवा नाकाला कळणारी एक खूण असावी. कुंदा याचे उत्तम उदाहरण आहे. एक लिटर म्हशीचे दूध निम्मे आटवायचे, त्यात थोडेथोडे दही घालून कण पाडायचे, साखर घालायची आणि तपकिरी रंग येईपर्यंत ढवळत राहायचे, एवढीच त्याची कृती. पण यातील प्रत्येक टप्पा कढईच्या रुंदीवर आणि आचेवर अवलंबून असल्याने एका घरात तासाभरात होणारा कुंदा दुसऱ्या घरात दीड तास घेतो. खुणा लिहिल्या तर हा फरक बाधत नाही: दही पडल्यावर दूध फाटून रवाळ होते आणि कडेला हिरवट पाणी दिसते, साखर घातल्यावर मिश्रण पुन्हा पातळ होते आणि नवखा माणूस इथे घाबरतो, म्हणून ‘ते पातळ होणारच’ असे लिहावे, पाणी आटत आले की बुडबुड्यांचा आवाज जड होतो आणि कण बदामी दिसू लागतात, तूप सुटून गोळा कढईची बाजू सोडतो तेव्हा आच बंद करावी, कारण गरम कढईत रंग पुढेही चढत राहतो.

प्रमाण दुप्पट केल्यास वेळ दुप्पट होतोच असे नाही, हेही आटवण्याच्या पदार्थांत सांगावे. तीन लिटर दुधाला त्याच कढईत तिपटीहून अधिक वेळ लागू शकतो.

एक लिहिलेली कृती

वरील सर्व गोष्टी एकत्र आल्यावर कागदावर काय उरते, ते कारळ्याच्या चटणीवरून पाहता येईल. हा पदार्थ मुद्दाम घेतला आहे, कारण कारळे मुळातच काळे असतात आणि ‘रंग बदलेपर्यंत भाजा’ ही सर्वांच्या ओळखीची सूचना इथे काहीच कामाची नाही.

साहित्य: कारळे १०० ग्रॅम, देठ काढलेल्या सुक्या ब्याडगी मिरच्या १५ ग्रॅम, म्हणजे मध्यम आकाराच्या १० ते १५, सोललेला लसूण १५ ग्रॅम, जिरे ४ ग्रॅम, म्हणजे दोन लहान चमचे, बारीक मीठ ७ ग्रॅम, म्हणजे सपाट सव्वा लहान चमचा, कोरडी चिंच ५ ग्रॅम, चिंचोके व धागे काढून, तेल पाव लहान चमचा.

कृती: कारळे निवडावेत, कारण त्यांत बारीक खडे असू शकतात. जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर ते पाच-सहा मिनिटे सतत हलवत भाजावेत. आधी कच्चा, गवतासारखा वास येतो. तो जाऊन खमंग वास सुटला आणि दाणे तडतडू लागले की लगेच ताटात काढावेत, कारण कढईत राहिले तर कडू होतात. एक दाणा चावून पाहावा. तो कुरकुरीत लागला पाहिजे. त्याच कढईत तेलावर मिरच्या हलक्या कुरकुरीत करून घ्याव्यात, मग लसूण बाहेरून कोरडा होऊन त्यावर तांबूस ठिपके येईपर्यंत भाजावा आणि जिरे शेवटी अर्धा मिनिट परतावेत. सर्व पूर्ण थंड होऊ द्यावे. मिक्सरमध्ये आधी मिरच्या, मीठ, जिरे, लसूण व चिंच फिरवावी. मग कारळे घालून दोन-तीन सेकंद फिरवणे आणि थांबणे असे तीन-चार वेळा करावे. चिमूटभर चटणी बोटांत दाबल्यावर गोळी धरते आणि सोडल्यावर मोकळी होते, ही योग्य अवस्था. ती भांड्याच्या कडेला चिकटून तेलकट गोळा झाली तर मिक्सर जास्त फिरला आहे. पाट्यावर किंवा खलबत्त्यात केल्यास ही अडचण येत नाही.

मैत्रिणीकडून तपासून घेणे

लिहिलेली कृती आधी एकाच व्यक्तीकडे पाठवावी, आणि शक्यतो जिने तो पदार्थ आपल्या घरी खाल्ला आहे पण कधी केलेला नाही अशा व्यक्तीकडे. तिला दोन अटी सांगाव्यात: करताना फोन करू नये, आणि जिथे थांबून विचार करावा लागला तिथे कागदावर खूण करावी. फोन केला की उणीव तोंडी भरून निघते आणि कागद तसाच अपुरा राहतो. ‘छान झाली’ या उत्तरावर समाधान मानू नये. कुठे अडली, काय बदलले, कोणते भांडे वापरले, असे विचारावे. तिच्या खुणा जिथे पडल्या तेवढीच वाक्ये पुन्हा लिहावीत आणि कागदावर दुरुस्तीची तारीख टाकावी, म्हणजे गटात दोन वेगळ्या आवृत्त्या फिरू लागल्यास कोणती नवी, हे कळते.

परवानगी आणि श्रेय

कृती आपल्या घरची असली तरी ती एखाद्या मावशीची किंवा सासूबाईंची असते, आणि त्यांना न विचारता ती पुढे पाठवणे योग्य नाही. बचत गटातून लोणची, मसाले किंवा चटण्या विकणाऱ्या बायकांच्या बाबतीत हा प्रश्न शिष्टाचाराचा उरत नाही, त्यांच्या मिळकतीचा होतो. त्यांनी नकार दिल्यास कृती न मागता चटणीच विकत घेऊन मैत्रिणीला पाठवावी. परवानगी मिळाल्यास ‘खानापूरच्या मावशींच्या हातची’ एवढा उल्लेख पुरे आहे. पूर्ण नाव आणि फोन क्रमांक त्यांच्या संमतीशिवाय देऊ नये. छापील पुस्तकातील कृती करून पाहिली असेल तर मजकूर जशाचा तसा उतरवून पाठवू नये. आपण प्रत्यक्ष काय केले ते स्वतःच्या शब्दांत लिहावे आणि मूळ कुठले, ते सांगावे.

सोबत चवीचा नमुना

शक्य असेल तेव्हा कृतीबरोबर पदार्थाची लहान बरणीही पाठवावी, कारण कागद कितीही चांगला असला तरी मैत्रिणीला आपली चटणी कशाशी ताडून पाहायची, हे त्यातून कळत नाही. यासाठी कोरडे पदार्थच निवडावेत. कोरडी चटणी पूर्ण गार झाल्यावरच भरावी, नाहीतर आतल्या वाफेने ती ओलावते आणि बुरशी धरते. बरणी धुतल्यावर उन्हात खडखडीत वाळवावी आणि तिच्यावर केल्याची तारीख लिहावी. कांदा-लसूण मसाला पाठवायचा असेल तर त्यातील कांदा कुरकुरीत तळलेला आहे याची खात्री करावी, कारण मसाला बहुधा कांद्यातील ओलाव्यानेच खराब होतो. ओल्या खोबऱ्याची चटणी प्रवासाला देऊ नये, आणि कच्चा लसूण तेलात बुडवून खोलीच्या तापमानाला ठेवलेला पदार्थ तर मुळीच देऊ नये, कारण त्यात दिसण्यावरून किंवा वासावरून न कळणारी घातक विषबाधा संभवते. घरचा कुंदा फ्रिजशिवाय एक-दोन दिवसांच्या प्रवासापलीकडे पाठवू नये. तो रात्रीच्या बसने जाणार असेल तर त्याच दिवशी करून, पूर्ण गार करून, घट्ट झाकणाच्या डब्यात भरावा आणि पोहोचताच फ्रिजमध्ये ठेवण्याची सूचना डब्यावरच चिकटवावी.